दान आणि मोकळें दार

मरणाच्या दारीं असलेल्या आप्तास वांचविण्यासाठीं आपल्या देहाचा अंश देणें हें थोर कृत्य आहे, याविषयीं सहसा कोणी वाद घालणार नाहीं. परंतु तो अंश आप्ताजवळ मागावा काय, आणि त्यानें नाहीं म्हटल्यास त्यास दोष द्यावा काय, हा प्रश्न तितका सोपा नाहीं.

ज्याचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं, त्याचें रक्त बहुधा आठवड्यांतून दोन-तीन वेळां यंत्रानें शुद्ध करावें लागतें. यकृताचें काम कायमचें करील असें तर यंत्रच नाहीं. अशा रोग्यास दुसऱ्याचा अवयव बसवितात. निरोगी मनुष्य एका मूत्रपिंडावर जगूं शकतो. यकृताचा भाग काढला तरी उरलेला वाढतो. तथापि देणाऱ्यासही वेदना व धोका आहेच.

२३ डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं डॉ. जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें. यश टिकलें अशी ही पहिलीच शस्त्रक्रिया. आदल्या रात्रीं रोगी भावानें दुसऱ्यास चिठ्ठी धाडली कीं, तूं येथून घरीं जा. त्यानें उलट कळविलें कीं, मी आलों आहें व येथेंच राहणार. घेणारा आणखी आठ वर्षें जगला. देणारा २०१० पर्यंत.

ती चिठ्ठी आम्हांस शस्त्रक्रियेहून कमी मोलाची वाटत नाहीं. रोग्यानें दार मोकळें ठेविलें, म्हणूनच भावाचें राहणें हें खरें दान झालें.

आपल्या देशांत १९९४ च्या कायद्यानें अवयवांची विक्री हा गुन्हा ठरविला. पैशाचा लोभ कायद्यास पकडतां येतो. पण घरांतील दहा जणांची मुकी नजर त्यास कशी दिसावी? जिवंतपणीं अवयव देणाऱ्यांत येथें स्त्रियाच पुष्कळ अधिक आहेत. आईनें द्यावें, पत्नीनें द्यावें, हें गृहीतच असतें. भावास मात्र शेतीची सबब आयती सांपडते. जिला 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं, तिच्या 'होय'ला दान कसें म्हणावें?

कोणी म्हणेल, अशानें रोगी मरेल. हें भय खोटें नाहीं. म्हणूनच मरणोत्तर दानाचा विचार प्रत्येक घरानें आधींच करावा. मेंदूचें कार्य कायमचें थांबून जो मृत ठरला, त्याचीं मूत्रपिंडें व यकृत आप्तांच्या संमतीनें तिघां रोग्यांस देतां येतात.

आणि घरांतल्याच कोणाकडे पाहण्याची वेळ आली, तर त्यास एकांतीं सांगावें, "तूं नाहीं म्हटलेंस तरी या घरांतील तुझें स्थान ढळणार नाहीं." मग जें मिळेल तें दान.