रस्त्याच्या कडेचा वाचक

भयकथा वाचणारा नेमका कोठे उभा असतो, हा प्रश्न वरकरणी साहित्यचर्चेचा वाटला, तरी मुळात तो नीतीचा आहे. स्टीफन किंग यांची ‘द लाँग वॉक’ ही कादंबरी तो आपल्यापुढे ठेवते. रिचर्ड बाकमन या टोपणनावाने ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखन मात्र लेखकाच्या महाविद्यालयीन दिवसांतच सुरू झाले होते.

या कथेत भूत नाही, की ओसाड वाडा नाही. अमेरिकेच्या मेन राज्यातून जाणारा मोकळा हमरस्ता आहे आणि त्यावरून रात्रंदिवस चालणारी शंभर मुले आहेत. वेग ताशी चार मैलांखाली आला की ताकीद मिळते. तीन ताकिदींनंतरही पाय रेंगाळले, तर सैनिकांची गोळी. अखेरीस जो उरेल, त्याला मागेल ते मिळणार.

मुले स्वेच्छेने आलेली आहेत, म्हणून कडेची गर्दी निर्धास्तपणे जयघोष करते. हे समाधान कितपत टिकते? होकार देताना मरण हा त्या मुलांना केवळ शब्द होता. पहिली गोळी सुटल्यावर त्याचा अर्थ कळतो. तेव्हा परतीची वाट उरलेली नसते. आणि संमती खरी मानली, तरी तिने फार तर चालणाऱ्याच्या धाडसाचे उत्तर मिळते. पाहणाऱ्याच्या आनंदाचे उत्तर पाहणाऱ्यानेच द्यायचे असते.

मग वाचकाचे काय? ‘आता कोण पडणार?’ या उत्सुकतेने तोही पाने उलटतोच. भेद एवढाच, की गर्दी एका जागी उभी राहते आणि वाचकाला सारी वाट मुलांसोबत चालावी लागते. नियमानुसार दुसऱ्याचे मरण हाच स्वतःचा लाभ. तरीही आईला आणि मैत्रिणीला पाहून भान हरपलेल्या गॅरटीला मॅकव्ह्रीज ओढून पुन्हा रस्त्यावर आणतो. आपल्या रसशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे भयानकाचा करुण होतो.

परंतु हा पालट आपोआप घडत नाही. मेलेल्या मुलाचे नाव आठवत आपण पुढचे पान उलटतो, की आता किती उरले हे मोजत, यावर तो अवलंबून आहे. ग्रंथाची निर्दोषता वाचकाला आयती मिळत नाही. ती त्याला पानोपानी सांभाळावी लागते.