एकाच जुवाखाली



विवाहाची शपथ एका घटकेत घेता येते. ती पाळावयास मात्र सारा जन्म लागतो. पाळकासमोर व मंडळीच्या समक्ष उभे राहून वधूवर जे शब्द उच्चारतात, ते मनापासून उच्चारतात ह्यात शंका नाही. परंतु त्या शब्दांचा पुरा अर्थ त्या दिवशी दोघांपैकी कोणासच ठाऊक नसतो. पाऊस दगा देतो, मूल अंथरुणास खिळते, सावकाराचा मनुष्य दारात येऊन उभा राहतो, तेव्हा तो अर्थ हळूहळू कळू लागतो. आणि ज्या गोष्टीत दोघांची मने जुळत नाहीत ती गोष्ट एके दिवशी घरात येऊन ठाण मांडते, तेव्हा तो फारच स्पष्ट कळतो. म्हणून तीस-चाळीस वर्षे समाधानाने नांदलेले एखादे वृद्ध जोडपे पाहिले म्हणजे आपल्या मनात सहज प्रश्न येतो की, ह्यांचा संसार कशाने टिकला असेल?

कित्येक म्हणतात, प्रीतीने. हे खरे आहे. परंतु प्रीती म्हणजे केवळ मनाचा उमाळा असे समजल्यास तो उमाळा विहिरीच्या पाण्यासारखा आहे. श्रावणात ते काठापर्यंत येते व वैशाखात तळ गाठते. कित्येक म्हणतात, एकमताने. परंतु सर्व गोष्टींत एकमत असलेली दोन माणसे देवाने अद्याप निर्माण केलेली दिसत नाहीत. आणखी कित्येक म्हणतात, बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहिल्याने. असे म्हणणारे इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाविसावे वचन मुखोद्गत म्हणतात. पण त्याच्या आधीच्या वचनात प्रेषिताने सर्वांस एकमेकांच्या अधीन होण्यास सांगितले आहे, आणि पंचविसाव्यात पतीस ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःस अर्पण केले तशी प्रीती करण्यास सांगितले आहे, ह्याचा त्यांस विसर पडतो. पत्नीच्या वाट्याच्या आज्ञेपेक्षा पतीच्या वाट्याची आज्ञा अधिक जड आहे, हे जो ध्यानात घेत नाही त्याने तो अध्याय अर्धाच वाचला.

तर मग संसार कशाने टिकतो? ह्याचे उत्तर आपल्या शेतातच आहे.

दोन बैल सारखे असावेत असे प्रत्येक शेतकऱ्यास वाटते. पण बाजारात सारखी जोडी क्वचितच मिळते. एक बळकट असतो, दुसरा थोडा हलका. अडाणी गडी हलक्या बैलास आसूड मारून बरोबरीने चालविण्याचा यत्न करतो. दुपारपर्यंत तो बैल थकून बसतो व नांगर जागच्या जागी राहतो. जाणता शेतकरी तसे करीत नाही. नांगराचा दांडा जुवास जेथे बांधावयाचा, ती गाठ तो मध्यावरून काढून बळकट बैलाच्या बाजूस थोडी सरकवतो. मग हलक्या बैलाच्या वाट्यास जुवाचा लांब भाग येतो, त्याच्या मानेवरील ओझे कमी होते, आणि दोघे मिळून संध्याकाळपर्यंत तास काढतात. येथे हलक्या बैलास जुवातून मोकळे केलेले नाही, की त्याची निंदाही केलेली नाही. गाठ सरकविली, एवढेच.

दीर्घ विवाहाचे रहस्य हेच आहे असे आम्हांस वाटते. जो ज्या बाबतीत बळकट असेल त्याने त्या बाबतीत गाठ आपल्या बाजूस सरकवून घ्यावी. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या आरंभी सशक्तांनी अशक्तांचा भार वाहावा म्हणून जो उपदेश आहे, तो मंडळीइतकाच चुलीपाशीही लागू आहे. आणि ध्यानात ठेवा, बळकट कोण हे कायमचे ठरलेले नसते. श्रद्धेत पती बळकट असेल, तर व्यवहारात पत्नी. सुगीत एक, तर दुखण्यात दुसरा. गाठ आयुष्यभर इकडून तिकडे सरकत राहते.

ह्याचा एक मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचा विवाह सुमारे १८८० साली झाला. तेव्हा लक्ष्मीबाई अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढे १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला, आणि १८९५ सालच्या फेब्रुवारीच्या १० व्या तारखेस मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट त्यांनी पत्नीस आधी सांगितली नव्हती. ब्राह्मण घरातील त्या बाईवर ह्या बातमीने केवढा आघात झाला, हे त्यांनी स्वतः 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. लहान मुलास घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या, आणि पतिपत्नी कित्येक वर्षे एकमेकांपासून दूर झाली.

थोर माणसाचे दोष झाकून त्याचा दाखला देणे हे सत्यास धरून नाही. ज्या गोष्टीने दोघांचे आयुष्य उलटेपालटे होणार ती गोष्ट पत्नीपासून लपविणे, हा विवाहाच्या विश्वासाचा भंगच होता. देवाच्या हाकेस ओ देण्यास पत्नीची परवानगी लागत नाही हे खरे. परंतु तिला सांगण्याचे कर्तव्य त्यामुळे सुटत नाही. आज्ञा मागणे निराळे आणि विश्वासात घेणे निराळे.

परंतु त्यानंतर काय झाले हे अधिक मननीय आहे. त्या काळी १८६६ सालचा एक कायदा अंमलात होता. ख्रिस्ती झाल्याच्या कारणावरून पत्नीने किंवा पतीने सहा महिने त्याग केला, तर बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्यास न्यायालयात जाता येत असे. न्यायालय दुसऱ्या बाजूस विचारास एक वर्ष देई, आणि तरीही ती न वळल्यास विवाह मोडून देई. टिळकांस ही वाट मोकळी होती. त्या वाटेने ते गेले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, आणि वाट पाहिली. शेवटी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, पण ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. आपले सोवळे, आपले वेगळे पाणी, आपली वेगळी चूल घेऊन त्या आल्या. आणि ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात ही वेगळी चूल काही काळ पेटत राहिली.

त्या काळी ह्यावर लोकांत काय बोलणे झाले असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो. ज्यास आपल्या घरातील एका माणसाचे मन वळविता आले नाही तो गावास काय उपदेश करणार, असा टोमणा खेड्यातील कोणत्याही उपदेशकास आजही ऐकावा लागतो. परंतु येथे गाठ बळकट बाजूस सरकविली होती. ज्याची श्रद्धा दृढ होती त्याने लोकनिंदेचा भार आपल्या मानेवर घेतला, आणि जिची श्रद्धा अद्याप वाट शोधीत होती तिला जुवाचा लांब भाग दिला. पुढे राहुरी येथे असताना, मनुष्य देवाने निर्माण केला पण जाती त्याने केल्या नाहीत, असा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआप उदय पावला व त्यांनी जातिभेद सोडला. तो विचार कोणी त्यांच्यावर लादला नव्हता, म्हणूनच तो टिकला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्यावरून एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. ज्यास सत्य सापडले असे वाटते त्यास आपल्या सोबत्यास ओढून नेण्याचा अधिकार आहे काय? प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की, विश्वास न ठेवणारी पत्नी नांदण्यास राजी असल्यास बंधूने तिला सोडू नये, आणि बहिणीनेही तशा पतीस सोडू नये. त्याच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात विजोड जोडी जडू नका असेही तो सांगतो. कित्येक प्रचारकांस ही दोन वचने परस्परविरुद्ध वाटतात. तशी ती नाहीत. एक जू मानेवर घेण्यापूर्वीचे आहे, आणि दुसरे घेतल्यानंतरचे. लग्न जुळविताना पारख करावी. लग्न झाल्यावर पारख पुरे करून भार वाहावा.

सदसद्विवेकबुद्धी ही प्रत्येकाच्या अंतःकरणातील देवाची खोली आहे. पती झाला म्हणून त्या खोलीचे दार लाथेने उघडण्याचा अधिकार त्यास मिळत नाही. बाहेर उभे राहून ठोठावणे एवढेच त्याच्या हाती आहे. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात स्वतः प्रभूही तेवढेच करतो. धाकाने गुडघे टेकविता येतात, पण प्रार्थना करविता येत नाही.

कोणी म्हणेल, ह्यात टिळकांचीच थोरवी सांगितली, बाईंचे काय? तर बाईंचे असे की, दुसऱ्या बाबतीत गाठ त्यांच्याच बाजूस होती. टिळक तापट होते, आणि हाती आलेला पैसा गरजवंतास देऊन रिकाम्या हाताने घरी येणारे होते. उद्या चुलीवर काय शिजवावे ही चिंता लक्ष्मीबाईंनी वाहिली. त्यांनी ती मुकाट्याने वाहिली असे मात्र नाही. त्या बोलत, भांडत, आणि पुष्कळदा हसतही. त्यांचा ग्रंथ वाचणारास हसू व आसू एकाच पानावर येते ते ह्याचमुळे. १९१९ साली टिळक वारले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते; त्याचा फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी रचिला. लहानपणी ज्यांस अक्षरओळख नव्हती व ज्या लग्नानंतर पतीपाशी लिहावाचावयास शिकल्या, त्यांनीच पतीचे राहिलेले तास काढिले. सोबती गेल्यावरही जू खाली ठेविले नाही.

पवित्र शास्त्रातही अशी एक जोडी आहे. अक्विल्ला व प्रिस्किल्ला ही दोघे तंबू करून पोट भरीत. क्लौद्य बादशहाने यहूद्यांस रोम सोडण्याचा हुकूम केल्यामुळे ती करिंथास आली, आणि तेथून इफिसास गेली. नव्या करारात त्यांचे नाव सहा ठिकाणी आले आहे, आणि सहाही ठिकाणी दोघांचे मिळूनच आले आहे. इतकेच नव्हे, तर अनेक ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. विद्वान अपुल्लोसास अधिक अचूक शिक्षण दिले तेही दोघांनी मिळून. हातास घट्टे पाडणारा धंदा, देशोधडी, आणि घरात जमणारी मंडळी, हे सर्व त्यांनी एकाच जुवाखाली केले.

आता आपल्या घरांविषयी दोन शब्द. गाठ सरकविणे हे मोठ्या प्रसंगीच करावयाचे नसते; ते रोजचे काम आहे. आठवड्याच्या बाजारास जाण्यापूर्वी घरात किती पैसा आहे व तो कशाकरिता आहे हे दोघांनी मिळून ठरवावे. लपविलेले कर्ज हे लपविलेल्या पापाइतकेच घर पोखरते. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा ही प्रेषिताची शिकवण पाळण्यास सोपी नाही, परंतु ज्याची चूक कमी असेल त्याने आधी बोलावे. तोच त्या दिवशीचा बळकट बैल होय. पाणवठ्यावर किंवा पारावर आपल्या सोबत्याचे उणे काढू नये. घरातले भांडण घरात मिटते, पारावर गेलेले भांडण गावाचे होते. आणि रात्री दोघांनी मिळून प्रार्थना करावी. लांबलचक नसली तरी चालेल. ज्याच्यासाठी आपण देवापाशी मागतो त्याच्यावर फार वेळ रागावणे कठीण जाते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. भार वाहणे म्हणजे मार खाणे नव्हे. जो पती दारू पिऊन हात उगारतो तो जुवाखालचा बैल नसून आसूड हाती घेतलेला अडाणी गडी आहे, आणि त्यास जू बळकट बाजूस सरकविण्याचा उपदेश लागू होत नाही. अशा घरातील भगिनीस 'सहन कर' असे सांगून परत धाडणारा पाळक किंवा पंच आपल्या हातून देवाचे काम झाले असे मानीत असेल, तर तो भ्रमात आहे. तिला आसरा द्यावा, त्या पुरुषास मंडळीपुढे जाब विचारावा. २००५ सालच्या कायद्याने घरातील छळापासून स्त्रीस संरक्षण दिले आहे; त्याचा आधार घेणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. शपथ दोघांनी घेतलेली असते. एकाने ती रोज मोडावी आणि दुसऱ्याने एकट्याने पाळावी, असा देवाचा न्याय नाही.

तरुण बंधूंनो व भगिनींनो, जोडी सारखी नाही म्हणून खिन्न होऊ नका. सारखी जोडी कोणासच मिळत नाही. आज कोणत्या बाबतीत आपण बळकट आहो हे पाहा, आणि गाठ आपल्याकडे थोडी सरकवा. उद्या आपण थकलो म्हणजे आपला सोबती ती त्याच्याकडे सरकवील. ज्याने आपले जू सोयीचे आहे असे सांगून कष्टी लोकांस जवळ बोलाविले, तो ह्या जुवाखालीही आपल्याबरोबर चालतो. नांगरलेले शेत मागे वळून पाहता येते ते संध्याकाळी. दिवसभर डोळे पुढच्या तासावर असावे लागतात.