नेणारा आत जातो काय?

आषाढीच्या आधी मुलुंडला कीर्तन झाले. बुक्का लावताना एका वृद्ध माळकऱ्याने विचारले, ‘‘महाराज, तुम्ही आम्हांला पांडुरंगाच्या दारी नेता. पण तुम्ही स्वतः आत गेलात का हो?’’ प्रश्न जिव्हारी लागला. चाळीस वर्षे कीर्तन केले, पण उत्तर सुचेना.

घरी येऊन नातीपाशी बोललो. ती जीवशास्त्र शिकते. म्हणाली, ‘‘आजोबा, असे नेणारे तुमच्या देहातच आहेत.’’ आणि तिने सांगितले ते असे.

पेशीमध्ये केंद्रक नावाचा एक गाभारा असतो. देहाची पोथी, म्हणजे जनुके, तेथे असतात. प्रथिने मात्र बाहेर घडतात. त्यांतील पुष्कळांना आत सेवा असते. भिंतीला हजारो दारे. पण मोठ्या प्रथिनास आपले आपण आत शिरता येत नाही. त्याच्या अंगावर ठिकाणाची खूण असते. इम्पोर्टिन-अल्फा नावाचा वाहक ती ओळखतो आणि इम्पोर्टिन-बीटा दोघांना दारातून आत नेतो. या बीटाचे जनुक केपीएनबी१. ते माणसाच्या १७ व्या गुणसूत्रावर आहे. प्रथिनाच्या अंगीच त्याचा पत्ता असतो, हे उलगडल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची गोष्ट मर्माची. आत पोहोचल्यावर रॅन नावाचे लहानसे प्रथिन बीटाला बिलगते आणि त्याची पकड सुटते. आणलेले आत राहते, वाहक पुढच्यासाठी बाहेर परततो. रॅनचे पकड सोडविणारे रूप आतच विपुल. म्हणून ओझे वाटेत पडत नाही.

कोणी म्हणेल, प्रथिन जड, त्याला कसले पाप-पुण्य? खरे आहे. दृष्टांत एकदेशीच असतो. वाहकाला अहंकार नाही, म्हणून तो सहज सोडतो. आपल्याला ‘मी नेले’ हे सुटत नाही. श्रोता देवापाशी पोहोचला तरी आपण त्याचा हात धरून उभे! हाच तो अडसर. आणि ही पकड आपल्या बळाने सुटत नाही. जो आत आहे, तोच ती सोडवितो.

शास्त्रात देहलीदीपन्याय आहे. उंबऱ्यावरचा दिवा आत उजेड देतो, बाहेरही देतो. पंढरीस महाद्वारी नामदेवरायांची पायरी आहे. देव ज्यांच्याशी बोले, त्यांनी जागा मागितली ती आत जाणाऱ्यांच्या पायांखाली.

त्या माळकरीबाबांना आता सांगेन : बाबा, तुम्हांला नेताना दर खेपेस मीही आत जातो. राहत नाही, कारण बाहेर अजून कोणी उभे आहे. मात्र तुमचा हात सुटावा, एवढे तुम्हीच पांडुरंगाकडे माझ्यासाठी मागा.

रामकृष्णहरि.