एकच झाड, तेरा पिल्लं



आज गीतेचा तेरावा अध्याय, श्लोक १६. (अर्जुनाचा प्रश्न पहिला श्लोक म्हणून मोजणाऱ्या प्रतींत तो १७वा येतो.) भगवंत सांगतात, ते ब्रह्म मुळात अखंड आहे, पण प्राणिमात्रांत वाटलं गेल्यासारखं दिसतं. मग नोकरीसाठी घर सोडून पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा श्लोक कसा वाचायचा? आई-वडिलांपासून वेगळं होणं म्हणजे तुटणं का?

मला यावर विचार करायला मालवणच्या घरातली कोरफड उपयोगी पडते. एकाच कुंडीत मधे मोठं झाड, भोवती १३ पिल्लं. पानांची टोकं तपकिरी, मुळं खालच्या भोकातून बाहेर, पाणी घातलं की आत न मुरता वाहून जातं. कुंडी भरली, हे ओळखायला एवढं पुरे. पिल्लांच्या पानांवर पांढरे ठिपके असतात, मोठं होताना ते बहुतेक जातात. म्हणून कुणाला वाटतं, ही दुसरीच जात उगवली. तसं नाही. गडग्यावरचा घायपात मात्र खरंच वेगळा. त्याच्या पानातून दोर निघतो, आणि तो एकदाच फुलतो नि मरतो.

कोरफडीचं पिल्लू बियांतून आलेलं नसतं. आईच्याच खोडातून फुटलेलं, जनुकं तीच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत क्लोन. १४ कुंड्यांत लावा, झाड एकच. श्लोक इथे चपखल बसतो, आणि घसरायलाही इथेच होतं. "तत्त्व एकच आहे, मग लांब काय नि जवळ काय" असं म्हणत महिना महिना घरी फोन न करणारे भक्त मी पाहिलेत. हे अद्वैत नव्हे, आळस आहे. झाड एकच असलं तरी वेगळ्या केलेल्या प्रत्येक कुंडीला वेगळं पाणी घालावं लागतं. वाटणी झाली की काम वाढतं!

दुसऱ्या बाजूला आमची आई. "जगतला मां रे ह्यां?" असं दर वर्षी विचारायची नि कुंडीला हात लावू द्यायची नाही. काळजी खरीच. पण त्या गर्दीत मधल्या झाडालाही धड पाणी मिळत नव्हतं.

माझ्या मते कसोटी एकच: पिल्लाला स्वतःची मुळं आहेत का? वरून बघून कळत नाही, उकरावं लागतं. मुळं नसताना ओढणं ही हिंसा, आणि मुळं आल्यावर दाबून ठेवणं हीसुद्धा. वेळही बघायची. कोकणातल्या पावसात कापलेली जागा सडते, म्हणून दिवाळीनंतर. आधी चार-पाच दिवस पाणी बंद. मग कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढायचा, चिकटलेलं पिल्लू स्वच्छ सुरीने सोडवायचं, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यायचं. लावायला चिऱ्याचा चुरा, बारीक खडी, थोडी माती. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. त्यानंतर आठवडाभर पाणी नाही. तेवढे दिवस पिल्लू मलूल दिसतं, आणि घरातलं कुणीतरी तांब्या घेऊन येतंच. त्याला थांबवणं हे सगळ्यात कठीण काम.

यंदा आईनेच सुरी आणून दिली. ९ पिल्लं निघाली. चारांना मुळं नव्हती, ती आईझाडाजवळच ठेवली.