मास्तर ठरवताना

आमच्याकडं सालगडी पाडव्याला ठरतो. गडी ठरवताना काय बघायचं ते मला कळतं. कामाला उरक आहे का, बैलाला मारतो का, आधीच्या मालकाची उचल फिटली का. पण पोरासाठी मास्तर ठरवायची पाळी आली ती साठी उलटल्यावर, आणि तिथं काय बघायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

नातू पाचवीला गेला तेव्हाची गोष्ट. सून म्हणाली, "मामा, औंदा नवोदयची परीक्षा आहे. शिकवणी लावल्याबिगर जमायचं नाही. तुम्हीच कुणीतरी बघा." मुलगा दिवसभर रानात, म्हणून हे काम माझ्याकडं आलं.

आधी शाळेतल्या गुरुजींना विचारलं. ते हसले. म्हणाले, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. "पोराला तासभर आधी शाळेत पाठवा, जादा तास घेतो. पैसे नकोत." आणि ते खरंच घेत होते. पण तिथं सगळा वर्ग बसणार, आणि सुनेला आपल्या पोराकडं वेगळं लक्ष पाहिजे होतं. खोटं कशाला सांगू, मलाही तेच पाहिजे होतं. लातूर आम्हाला जवळ. बारावीच्या मार्कांवरून 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं, त्याचं वारं आता पाचवीच्या लेकरांपर्यंत आलंय. तालुक्याला क्लास होते, पण संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नाही.

शेवटी गावातलाच एक पोरगा सापडला. डी.एड. झालेला, टीईटी पास झालेला, पण नोकरी नाही. दिवसभर खताच्या दुकानात पोती मोजायचा. म्हणाला, रोज संध्याकाळी दीड तास, महिन्याचे 1500 रुपये.

मी म्हणलं, 1000.

तो काम करायचा त्याच दुकानात मी खताचं पोतं सांगतील त्या भावानं घेतो. डॉक्टरनं सुईचे सांगितले तेवढे देतो. आणि आडतीवर माझं सोयाबीन मुठीत घेऊन दुसराच माणूस भाव बोलतो तेव्हा आतल्या आत जळतो. तोच मी त्या पोराच्या चौदा वर्षांच्या शिकण्याचा भाव पाडत होतो, कारण त्याला गरज आहे हे मला दिसत होतं.

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "आबा, हजारात येतो. पण तुमच्या सालगड्याची पोरगी पण बसू द्या. ह्याच्याच वर्गात आहे, डोक्यानं चांगली आहे. तिचं काही देऊ नका."

म्हणजे 500 रुपये त्यानं सोडले ते माझ्यासाठी नव्हते.

मी म्हणलं, घरात विचारून सांगतो.

रात्री जेवताना विषय काढला. मुलगा म्हणाला, "दादा, जिल्ह्याच्या नवोदयला सहावीच्या 80 जागा. हजारो पोरं बसतात. आपणच मास्तर लावायचा आन् आपल्याच पोराला वाटेकरी उभा करायचा का?" सून काही बोलली नाही. ताटात भाकरी वाढत राहिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला माझी दहावी आठवत होती. 1977 साल. परीक्षेआधी दोन महिने आम्ही पोरं शाळेतच निजायला होतो. गणिताचे सर गॅसबत्ती लावून रात्री अकरापर्यंत शिकवायचे, पहाटे चारला पुन्हा उठवायचे. फी कुणाकडूनच नाही. माझ्या आईनं एकदा पायलीभर हरभरा पाठवला, तो त्यांनी उकडून सगळ्या पोरांना खाऊ घातला. सरांचा मुलगा आमच्याच वर्गात होता, आमच्यातच सतरंजीवर बसायचा. शाळेत पहिला एकच येणार हे सरांना काय माहीत नव्हतं? पहिला आला तो मेंढरं राखणाऱ्याचा मुलगा. मी गणितात काठावर सुटलो, तेही त्या गॅसबत्तीमुळं. त्यानंतर सरांना भेटायला म्हणून कधी गेलो नाही.

विद्या दिल्यानं वाढते असं आम्ही शाळेत ऐकलं होतं. त्या सतरंजीवर ते खरंच होतं. पण पास व्हायला जागा मोजून नसतात. नवोदयच्या 80 जागांपुढं विद्या विहिरीच्या पाण्यासारखी होते. एकाची मोटर चालली की दुसऱ्याचं पाणी उतरतं. मुलगा बोलला त्यात हिशेबाची चूक नव्हती, म्हणूनच मला उत्तर सुचेना.

आपल्या लेकराला जास्तीचं द्यावं यात पाप नाही असं मी अजूनही मानतो. मी नातवाला मास्तर लावला आणि गड्याच्या पोरीला लावला नाही, तर कुणी मला बोल लावणार नाही. माझ्या विहिरीचं पाणी मी शेजाऱ्याला दिलं नाही, तर तो फार तर मला कंजूष म्हणेल. पण वरून येणारी ओघळ माझ्या रानातून खाली जाते, ती बुजवून खालच्याचं पाणी तोडलं तर त्याला आमच्या गावात वेगळं नाव आहे. ते शिकवणं काही माझं नव्हतं. मास्तर ते आपल्या पदरचं देत होता. मला नुसतं आडवं यायचं नव्हतं.

एवढं सगळं रात्री कळलं. सकाळी मी त्याला म्हणालो, "तू तुझे पूर्ण 1500 घे. परीक्षा होऊ दे, मग बसवू तिलाही."

नवोदयची सहावीची परीक्षा पोराला एकदाच देता येते. माहितीपत्रक मी स्वतः वाचलं होतं, त्यात ते लिहिलेलं होतं. तरीही 'मग बसवू' असंच म्हणालो. जादा पाचशे कशाचे होते, हे तोही समजला असणार. त्यानं फक्त मान हलवली.

तो मन लावून शिकवायचा. दोन तासांत 80 प्रश्न, त्यातले 40 बुद्धिमत्तेचे आणि सगळे आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, अर्धी पूर्ण करा, आरशात कशी दिसेल ते सांगा. मी दोनचार सोडवून बघितले, डोकं गरगरलं. यात हुशारीइतकीच सवय लागते. ज्यानं शंभरदा बघितलंय त्याला दिसतं, पहिल्यांदा बघणारा बघत राहतो. ओसरीवर हे चालायचं, आणि समोर गोठ्यात गडी वैरण टाकायचा. पोरगी बापाबरोबर यायची. ओसरीवर कधी चढली नाही. तिला नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

फॉर्म गुरुजींनी वर्गातल्या सगळ्यांचे भरले होते, तिचाही. जानेवारीत परीक्षेला गावातली पोरं एकाच जीपमधून गेली, सोबत मी होतो. वाटेत नातू आकृत्यांची वही चाळत होता. ती शेजारी बसलेली. म्हणाली, "बघू रे जरा." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि वही पिशवीत घातली.

मी खिडकीबाहेर बघत होतो असं दाखवलं.

निकाल लागला. दोघांचाही नंबर लागला नाही. मुलगा म्हणाला, बघा, तिचं काही बुडालं नाही. मला तसं म्हणता येत नाही. वही मिळाली असती तर काय झालं असतं हे आता कोण सांगणार?

पाडव्याला गड्यानं हिशेब मागितला. "दुसरीकडं ठरलंय, मालक." पगार मी वाढवून देतो म्हणालो, तर नको म्हणाला. कारण मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. जाताना पाया पडला, ते मला जास्त लागलं.

नातू आता सातवीत आहे. मास्तर घरी येत नाही. समाजमंदिरात संध्याकाळी पोरं गोळा करून शिकवतो, पंधरावीस तरी असतात. नातू तिथंच जातो, ती पोरगीही येते. त्याला आणायला गेलो तर मी बाहेर लिंबाखाली थांबतो. नातवाचे तो माझ्याकडून महिन्याला 200 रुपये घेतो, मी न बोलता देतो. तिच्याकडून किती घेतो, हे मी त्याला विचारलेलं नाही.