महत्त्वाकांक्षेचा गुन्हा

गुन्हेगारी बातमीदारीवरच्या दोन पडदाकथा शेजारी ठेवल्या की महत्त्वाकांक्षेचे दोन उलटे हिशेब समोर येतात. डॅन गिलरॉय यांच्या ‘नाइटक्रॉलर’ (2014) या चित्रपटात गुन्हा करणारा कॅमेरावाला मोकळा राहतो, वर त्याचा धंदा वाढतो. हन्सल मेहता आणि मृण्मयी लागू वायकुळ यांच्या ‘स्कूप’ (2023) या मालिकेत गुन्हा न केलेली बातमीदार तुरुंगात जाते. पहिली कथा लॉस एंजेलिसमधली आणि कल्पित, दुसरी मुंबईत घडलेल्या प्रकरणावर बेतलेली.

‘नाइटक्रॉलर’चा लू ब्लूम हा मूळचा भंगारचोर. अपघाताचे चित्रण वाहिन्यांना विकता येते हे कळल्यावर तो कॅमेरा आणि पोलिसांचे बिनतारी संदेश ऐकण्याचे यंत्र मिळवतो. एका अपघातस्थळी तो पोलिसांच्या आधी पोहोचतो. प्रेत चौकटीत हवे तसे बसत नाही, म्हणून ते ओढून नीट जागी आणतो आणि मगच चित्रण करतो. पुढे एका बंगल्यातल्या हत्याकांडाचे मारेकरी त्याच्या कॅमेऱ्यात सापडतात, तेव्हा तेवढा भाग तो पोलिसांपासून दडवतो. त्यांची अटकही आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या कॅमेऱ्यासमोर व्हावी म्हणून. लूला मनोरुग्ण ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यामुळे चित्रण विकत घेणारी वाहिनी सहीसलामत सुटते. वृत्तविभागाची प्रमुख नीना त्याला पहिल्याच भेटीत भाव सांगते: गुन्हा सुखवस्तू वस्तीत घडलेला हवा, बळी गोरा हवा. गरीब वस्तीतल्या खुनाला गिऱ्हाईक नाही. लू फक्त मागणी तसा पुरवठा करतो.

बातमीचा भाव जागेवरून ठरतो, हे पाहायला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीजवळ एमडी हा अमली पदार्थ पकडला गेला आणि गुन्हा तामलवाडी पोलीस ठाण्यात नोंदला गेला. बातम्यांत मात्र ते ‘तुळजापूर ड्रग्ज प्रकरण’ झाले. तपास तुळजापुरात पोहोचला, आरोपींत काही पुजाऱ्यांची नावे आली, तेव्हा या नावाला आधार होताच. पण भवानीच्या गावाचे नाव मथळ्यात जे काम करते, ते तामलवाडीचे करत नाही, हेही तितकेच खरे. तालुक्याच्या वार्ताहराला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. तुटपुंजे मानधन आणि वर जाहिराती आणण्याचे ओझे असले की काय ‘चालते’ ते आपोआप कळते.

‘स्कूप’मागचे प्रकरण असे. ‘मिड-डे’ या दैनिकाचे ज्येष्ठ गुन्हे पत्रकार ज्योतिर्मय डे यांची 11 जून 2011 रोजी पवईत मोटारसायकलवरून जाताना गोळ्या घालून हत्या झाली. नोव्हेंबरमध्ये ‘एशियन एज’च्या पत्रकार जिग्ना व्होरा यांना संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याखाली अटक झाली. डे यांच्या गाडीचा क्रमांक आणि पत्ता व्होरा यांनी टोळीप्रमुख छोटा राजनला पुरवला, असा आरोप होता आणि त्यामागचे कारण व्यावसायिक स्पर्धा असे सांगितले गेले. म्हणजे पहिल्या पानावर नाव छापून यावे ही ओढ, जी पुरुष बातमीदाराच्या बाबतीत धडाडी मानली जाते, तीच इथे हेतू म्हणून मांडली गेली. मालिकेने व्होरांवर बेतलेल्या जागृती पाठक या पात्रातून ही ओढ झाकलेली नाही. ती उतावळी आहे, पोलिसांतल्या ओळखी वापरते, बातमीसाठी घर मागे टाकते. ती निरागस नाही आणि गुन्हेगारही नाही. मालिकेचे खरे बळ या मधल्या जागेत आहे. काल तिच्याच शेजारी बसणारे आज तिच्यावर मथळे रचतात. त्यांना पुरावा नको असतो, उद्याचा अंक भरायचा असतो.

व्होरा सुमारे नऊ महिने भायखळ्याच्या तुरुंगात होत्या. 2 मे 2018 रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली आणि व्होरा यांची निर्दोष मुक्तता केली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. वृत्तपत्रात त्या परतल्या नाहीत. त्यांनी ज्योतिषाचा व्यवसाय धरला आणि 2023 मध्ये, ‘स्कूप’ आली त्याच वर्षी, ‘बिग बॉस’च्या 17व्या पर्वात त्या स्पर्धक म्हणून दिसल्या.