कमानीवरचे नाव

कलाकृतीवर कोणाचे नाव असावे, हा प्रश्न वरवर तपशिलाचा वाटतो. वस्तुतः तो नैतिक आहे. शेगावच्या ईशान्येस, सातपुड्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावरील १४८७च्या सुमाराचा लेख राज्यकर्त्यांची नावे सांगतो. दगड घडवणाऱ्या पाथरवटाचे नाव सांगत नाही. वेरूळच्या कैलासाचे प्रवेशद्वारही कर्त्याविषयी मौन बाळगते. इ.स. ८१२च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटात स्वतःच्या कृतीने विस्मित झालेला शिल्पी येतो, तोही निनावीच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या लेण्यांची चित्रे काढली गेली. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने गंगाराम चिंतामण तांबट याने वेरूळची रेखाटने केली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याचा तो साहाय्यकही होता. वेल्स १७९५मध्ये निवर्तला. त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली वेरूळच्या चोवीस दृश्यांचा संग्रह १८०३मध्ये निघाला. त्याच्या शीर्षकात वेल्स आणि डॅनियल आहेत, गंगाराम नाही.

आपल्याकडे कारागीर निनावीच असे, मग गंगारामच्या अनुल्लेखाचे वैषम्य कशाला, असा युक्तिवाद येथे संभवतो. तो दोन भिन्न व्यवहारांची गल्लत करतो. कैलासाच्या व्यवहारात कोणत्याच छिन्नीला नाव नव्हते. पाथरवटांपैकी एकाला वगळून दुसऱ्याला श्रेय मिळाले नव्हते. मुद्रित चित्रसंग्रहाच्या व्यवहारात मात्र नाव हेच मूल्य होते: त्यावर कीर्ती ठरे, ग्राहक मिळे. जेथे नावे लिहिली जातात, तेथे एक नाव न लिहिणे ही अनामिकता नव्हे, अपहार होय.

याचा अर्थ मध्ययुगीन अनामिकता निरागस होती असा नाही. नरनाळ्याचा लेख पाहता नाव तेथेही होते. ते सत्तेसाठी राखून ठेवले होते. तथापि त्या पाथरवटावर आधुनिक 'प्रतिभावंता'ची प्रतिमा लादणे हा न्याय ठरत नाही. रोलाँ बार्थने १९६७मध्ये कर्त्याच्या मृत्यूची घोषणा केली. ती स्वीकारताना समीक्षेने एक भान राखावे: ज्याला कर्ता होऊच दिले नाही, त्याच्या मृत्यूची घोषणा करता येत नाही. नाव गाळले गेले तेथे ते परत लिहावे, आणि नाव नव्हतेच तेथे ते कोणाला नाकारले होते, हे विचारावे. कमानीकडे पाहणाऱ्याचे एवढे तरी उत्तरदायित्व आहे.